नऊ सेकंदांची सवय : भरती झालेल्या पोरांसाठी गॅस मास्क आणि संरक्षक पोशाखाचा सराव

नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात पहाटे धावायला येणाऱ्या पोरांना सैन्यभरतीचं सगळं पाठ असतं. १६०० मीटरला किती मिनिटं, बीम (पुलअप) किती मारायचे, छाती किती फुगली पाहिजे, मेडिकलला कशावरून काढतात. निवड झाल्यावर पुढं ट्रेनिंगमध्ये काय होतं, याबद्दल मात्र ऐकीव माहितीच जास्त. त्यातही गॅस चेंबरची, म्हणजे सरावासाठी अश्रुधूर सोडलेल्या बंद खोलीची, धास्ती प्रत्येकाला असते. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेले असतात, त्यात जवान नाक-डोळे वाहत, खोकत, एकमेकांना धडकत बाहेर येतात. मग पळून झाल्यावर कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "काका, तिथं जीव गुदमरते का जी?"

मी हा सराव रंगरूट म्हणून केला आणि पुढं अनेक तुकड्यांकडून करवूनही घेतला. इतक्या पोरांना पाहून माझं मत पक्कं झालं आहे. पोरं घाबरतात ती मास्कमधल्या श्वासाला. एरवी आपण श्वास घेतो, मास्कमध्ये तो ओढावा लागतो. फिल्टरमधून हवा यायला जोर लागतो, छातीला तो जोर नवा असतो, मन म्हणतं हवा संपली, आणि हात आपोआप पट्ट्याकडे जातो. मास्क तोंडावरून ओढून काढणारा पोरगा बहुतेक वेळा गॅसमुळे काढत नाही, या एका भासामुळे काढतो. म्हणून या लेखात मी श्वासापासून सुरुवात करतो. ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्ताद, म्हणजे शिकवणारे प्रशिक्षक, जे सांगतील तेच अखेरचं, पण हे समजून गेलात तर त्यांचं बोलणं पटकन डोक्यात शिरेल.

घरी करायची तयारी

यासाठी मास्क लागत नाही. बाजारात 'ट्रेनिंग मास्क' म्हणून मिळणाऱ्या वस्तू घेऊ नका, आणि तोंडाला ओलं फडकं बांधून तर अजिबात धावू नका. पाठ ताठ ठेवून बसा, नाकाने चार आकड्यांपर्यंत श्वास आत घ्या, सहा आकड्यांपर्यंत सावकाश सोडा. सोडण्याचा वेळ जास्त ठेवण्यातच सगळी मेख आहे, कारण घाबरलेला माणूस नुसता आत ओढत राहतो, सोडतच नाही. आठवडाभर बसून जमलं की चालताना करा, मग सेमिनरी हिल्सच्या चढावर हळू पळताना. चढावर दम लागलेला असताना हा हिशोब टिकवता आला, तर मास्कमध्येही टिकतो.

दमा, छातीतली घरघर, नुकताच झालेला ताप-खोकला, डोळ्यांचं ऑपरेशन यातलं काही असेल तर चेंबरच्या आधी उस्तादांना किंवा डॉक्टरांना सांगायचं. लपवून काही मिळत नाही.

मास्क काय करतो, आणि कुठं कामाचा नाही

मास्कच्या बाजूला किंवा पुढं जो डबा लागतो तोच फिल्टर. बऱ्याच देशांच्या मास्कवर या डब्याचे आटे ४० मिलिमीटरचे असतात. आत दोन मुख्य थर असतात. पहिला बारीक तंतूंचा, तो धूळ, धूर, तुषार, जंतू अडवतो. दुसरा सक्रिय कोळशाचा. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग मोजला तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, आणि विषारी वाफ तिथं चिकटून राहते. सायनाइडसारखे काही वायू नुसत्या कोळशाला चिकटत नाहीत, त्यांच्यासाठी कोळशावर तांब्यासारख्या धातूंच्या क्षारांची प्रक्रिया केलेली असते.

आता नीट वाचा. हा डबा हवा गाळतो, हवा तयार करत नाही. साध्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. जिथं तो कमी झाला, तिथं जगातला उत्तम मास्कही माणसाला वाचवू शकत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला उतरलेली, गटारात किंवा टाकीत उतरलेली माणसं एकामागून एक जातात. पहिला पडला म्हणून दुसरा धावतो, त्याच्यामागं तिसरा. घरी आलेला माजी सैनिकाचा जुना मास्क लावून अशा जागी कोणी उतरायला निघालं, तर हात धरून थांबवा. तिथं पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संच लागतो, अग्निशमन दलाकडं असतो तो. आगीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही लष्करी मास्कचा नेहमीचा डबा अडवत नाही. जुन्या बाजारातले किंवा ऑनलाइन मिळणारे परदेशी मास्क शोभेला ठेवा. त्यांच्या डब्याची मुदत कधीच संपलेली असते आणि काही जुन्या सोव्हिएत फिल्टरमध्ये तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे.

"रासायनिक शस्त्रांवर बंदी आहे ना, मग हे कशाला?" असंही पोरं विचारतात. बंदी खरी आहे. बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू झाला आणि भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. पण सीरियात २०१३ साली सारिन हे मज्जातंतूंवर घाव घालणारं विष वापरलं गेलंच. त्याआधी १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत वापरलं गेलं होतं. आणि आपल्या जवळचं भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री तिथं युद्ध नव्हतं, कारखाना होता.

भारतीय जवानांची या विषयाशी ओळख तर ११० वर्षांची आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रला २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी क्लोरीन सोडला. त्यानंतर चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, आपली लाहोर डिव्हिजन तिथं हल्ल्यात उतरली आणि तिच्यावरही गॅस आला. मास्क कोणाकडंच नव्हते, ओलं कापड तोंडावर धरायचं, बस. जमादार (तेव्हाचा लष्करी हुद्दा) मीर दस्त यांनी त्या दिवशी स्वतः गॅस लागलेला असताना माणसं सावरली आणि आठ अधिकाऱ्यांना गोळीबारातून मागं आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. हातात मास्क आला की मला ती माणसं आठवतात.

चेहरा आणि रबर

मास्क कामाचा आहे की नाही, हे गालावरच्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर ठरतं. तिथं रबर कातडीला सलग चिकटलं पाहिजे. दाढीचे दोन दिवसांचे खुंटसुद्धा हवेला वाट देतात, म्हणून त्या दिवशी सकाळी गुळगुळीत दाढी. केस कडेखाली येऊ देऊ नका. चष्मा असेल तर त्याच्या काड्या रबराखालून जाता कामा नयेत. मास्कच्या आत बसणाऱ्या नंबरच्या काचा मिळतात, त्या वेळेत मागून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स चेंबरच्या दिवशी नको.

मास्क हाती आल्यावर घाईने तोंडावर चढवू नका. आधी रबर हलके ताणून पाहा, चीर, चिकटपणा, ताठरपणा आहे का. काचा, पट्टे, बकल पाहा. डबा कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर कोळसा सैल झाला आहे, तो डबा नको. पोचा, गंज, संपलेली मुदत, भिजल्याची खूण असेल तरी नको. मग झडपा. आत येणाऱ्या हवेची एक आणि बाहेर जाणाऱ्या हवेची एक. बाहेरच्या झडपेवरचं झाकण काढून आतली रबरी चकती बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

या झडपेबद्दल जरा थांबून सांगतो. माझ्या पहिल्या चेंबरला माझा मास्क गळला. दाढी केलेली होती, पट्टे बरोबर होते, तरी आत गेल्यावर काही क्षणांत डोळे जळू लागले. मला वाटलं मास्कच खराब दिला. बाहेर आल्यावर उस्तादांनी तो हातात घेतला, झाकण काढलं आणि नखाने चकतीची कड उचलून दाखवली. रुपयाएवढी चकती, आणि तिच्या कडेखाली वाळूचा एक कण. आदल्या दिवशी विश्रांतीत मी मास्क जमिनीवर पालथा ठेवला होता, आणि रांगेच्या घाईत तपासणी न करताच आत गेलो होतो. त्या कणाने चकती केसभर उचलली गेली होती, आणि श्वास आत घेताना तेवढी फट पुरली.

चढवण्याची रीत

अनेक सैन्यांत मास्क चढवायला ९ सेकंदांचं माप धरतात. आकडा ऐकून पोरं पहिल्याच दिवशी घड्याळाशी लढतात आणि पट्टे पिळून बसतात. आधी क्रम बसवा, वेग मागून येतो. पहिले वीस-पंचवीस वेळा अगदी सावकाश करा.

इशारा कसाही येईल. कोणी "गॅस, गॅस, गॅस" ओरडेल, कोणी लोखंडावर लोखंड बडवेल, कोणी दोन्ही मुठी खांद्यांपाशी आपटून खूण करेल. त्या क्षणी श्वास आहे तिथंच थांबवायचा. "एक खोल श्वास घेऊन मग थांबवतो" हा मोह सगळ्यांना होतो, आणि तोच श्वास घातक ठरू शकतो. डोळे मिटा, वाऱ्याकडे पाठ करा. रायफल गुडघ्यांच्या मध्ये धरा, हेल्मेट काढा, ते जमिनीवर टाकू नका. डाव्या-उजव्या हाताची सवय ठरलेली हवी, एक हात पिशवीचं झाकण उघडतो, दुसरा मास्क काढतो.

आधी हनुवटी. ती खालच्या खोबणीत घट्ट बसली की मास्क वर चढवत पट्टे डोक्यामागं न्या. मागची गादी डोक्याच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे; ती एका बाजूला सरकली तर समोरची कडही तिरपी होते. खालचे दोन्ही पट्टे एकाच वेळी, सारख्या जोराने मागं ओढा, नंतर कानशिलावरचे. फार आवळू नका. जास्त आवळलेलं रबर दुमडतं आणि उलट गळतं, शिवाय पंधरा मिनिटांत डोकं दुखायला लागतं.

आता छातीत उरलेली हवा. बाहेरच्या झडपेवर तळहात दाबून जोरात फुंका. हवा कडांमधून बाहेर जाते आणि आत शिरलेला गॅस सोबत घेऊन जाते. मग डब्याच्या तोंडावर तळहात ठेवून श्वास ओढा. रबर गालांना चिकटतं, काचा डोळ्यांजवळ सरकतात. दहा सेकंद तसंच थांबा. मास्क चिकटलेला राहिला तर सील बसली. सैल पडला, किंवा कानाजवळ गार हवेची बारीक रेघ जाणवली, तर पट्टा, केस, कॉलर तपासून पुन्हा. हे सगळं झाल्यावरच डोळे उघडा, श्वास घ्या, आणि मग इतरांना ओरडून सांगा.

दिवसा जमलं की डोळे बांधून करा, आडवं पडून करा, हातमोजे घालून करा. अंधारात बोटांनाच बकल दिसलं पाहिजे.

पोशाख

लष्करी संरक्षक पोशाखात कापडाच्या आत कोळशाचा थर असतो, त्यामुळे घामाची वाफ थोडी बाहेर पडते पण विषारी वाफ अडकते. साधारण क्रम असा : पायजमा, जाकीट, बुटांवरचे रबरी बूट, मास्क, टोपडं, शेवटी हातमोजे, आत सुती आणि वर रबरी. कुठलं टोक कुठल्या टोकावर येतं याचा गोंधळ झाला तर कौलं आठवा. वरचं कौल खालच्यावर येतं म्हणून पाणी घरात शिरत नाही. तसंच जाकीट पायजम्यावर, पायजम्याची मोहरी बुटांवर, बाही हातमोज्याच्या मनगटावर. वरून पडलेला थेंब बाहेरूनच घरंगळून गेला पाहिजे.

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीदाराची तपासणी टाळायची नाही. मान, मनगट, घोटा, कंबर, या चार जागी बोट फिरवून कातडी कुठं उघडी आहे का ते बघा. बाहीवर चिकटवायचा तीन रंगी शोधपट्टीचा कागद मिळतो. द्रवाचा थेंब पडला की रंग बदलतो. हा कागद आपल्याच डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलेला आहे. स्वतःला टोचायच्या औषधाच्या सुया सरावात डमी असतात. खरी सुई सांगितल्याशिवाय कधीच नाही.

नागपूरचं ऊन

हा भाग इथल्या पोरांना मी मुद्दाम जास्त वेळ सांगतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, नवतपात तर सकाळी नऊलाच रस्ता भाजतो. "आम्ही विदर्भातले, आम्हाला उन्हाचं काय" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. पूर्ण पोशाखात शरीराला बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी जास्त असल्यासारखं होतं, कारण घाम आहे पण तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. उन्हात वाढल्याचा फायदा तिथं फारसा उरत नाही.

म्हणून शरीराला सवय हळूहळू लावायची, दहा ते चौदा दिवस. पहिल्या दिवशी नुसता मास्क लावून बसणं, मग चालणं, मग पोशाख घालून थोडं काम, मग जास्त. सराव पहाटे करा. पाणी आदल्या रात्रीपासून प्या; पोशाख चढल्यावर तहान लागली म्हणून पिऊ म्हणाल तर उशीर झालेला असतो. काही मास्कला पाणी पिण्याची नळी असते, तिचा सराव वेगळा करा, बाटलीचं तोंड पुसून जोडायचं आणि आधी नळीत फुंकून पाहायचं.

जोडीदाराला दर दहा मिनिटांनी नाव आणि नंबर विचारा. उत्तर अडखळलं, विसंगत आलं, चिडून आलं, पाय लटपटले, तर ऊन लागलंय असं समजा. त्याला घाम येतोय म्हणजे तो ठीक आहे, असं धरू नका. उष्माघातात घाम चालूही असू शकतो. सराव तिथंच थांबवा. मास्क आणि पोशाख उतरवा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा, आणि त्याच वेळी दुसऱ्याला एमआय रूमकडं (युनिटच्या दवाखान्याकडं) पळवा. थांबवायला लाजणारा जोडीदार मला कधीच आवडला नाही.

चेंबर

चेंबरमध्ये वापरतात तो सीएस, अश्रुधुराचा एक प्रकार. नाव गॅस असलं तरी तो मुळात घन पदार्थ, तापवल्यावर त्याचा बारीक कणांचा धूर होतो. तो ओल्या कातडीवर जास्त जळतो, म्हणून घामाने डबडबलेलं अंग घेऊन आत जाऊ नका, आदल्या तासात विनाकारण पळापळ नको. बाही खाली, कॉलर बंद.

लहान गटाने, मास्क लावून आत जातात. काही वेळ नुसतं उभं राहायचं, मग मान डावी-उजवी, वर-खाली, वाकणं, जागेवर पळणं, मोठ्याने बोलणं. हे यासाठी की हालचालीत सील टिकते हे तुम्हाला स्वतःला कळावं. मानेवर चुरचुरतंय पण डोळे शाबूत आहेत, हे जाणवलं की मास्कवरचा विश्वास बसतो. चार-सहाचा हिशोब इथं चालू ठेवा. नंतर गालापाशी बोट घालून सील मोडायला सांगतात, पुन्हा बसवून फुंकून साफ करायची. शेवटी मास्क काढून नाव, नंबर सांगायचा आणि बाहेर.

त्या शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांत डोळ्यांत आग, नाकातून पाणी, घशात काटे, छाती आवळल्यासारखी, हे सगळं होणार. ते सीएसचं काम आहे, तुमच्या शरीरात बिघाड नाही. दाराकडे पळू नका, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून चाला. बाहेर आल्यावर वाऱ्याकडे तोंड, हात फैलावून चालत राहा, डोळे उघडझाप करा पण चोळू नका. बहुतेकांना पंधरा ते तीस मिनिटांत बरं वाटतं. त्यानंतरही श्वास लागत असेल किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर लगेच डॉक्टर.

संध्याकाळी अंघोळीला केसांतला सीएस पाण्याबरोबर पुन्हा डोळ्यांत उतरतो. डोकं पुढं वाकवून आधी थंड पाण्याने केस धुवा, मग साबण. ते कपडे वेगळ्या पिशवीत, वेगळे धुवायचे.

उतरवताना

खऱ्या प्रसंगी माणसं चढवताना चुकतात त्यापेक्षा जास्त उतरवताना चुकतात, कारण जीव सुटल्यासारखा वाटतो आणि हात ढिले पडतात. नियम सोपा आहे : पोशाखाची बाहेरची बाजू कातडीला लागता कामा नये. जोडीदार आधी हातमोज्यांवर, टोपड्यावर पावडर टाकतो. ही पावडर म्हणजे घरात बहिणी-आई चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची, ती द्रव शोषून घेते. थेंब दिसला तर टिपायचा, थोपटायचा, मग झटकायचा. घासलात तर पसरवलात. जाकीट मागून खाली, आतली बाजू बाहेर येईल असं गुंडाळत काढतात, मग पायजमा. प्रत्येक पायरीला एक पाय स्वच्छ बाजूला पडला की तो पुन्हा मागं न्यायचा नाही. मास्क सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, पट्टे मागून धरून पुढं आणि खाली.

मास्कची निगा

सराव संपल्यावर डबा काढून बाजूला ठेवा, त्याला पाणी लागू देऊ नका. डब्याच्या तोंडावर झाकण लावा. नागपुरात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडा राहिलेला कोळसा हळूहळू निकामी होतो. रबरी भाग कोमट पाणी आणि साध्या साबणाने मऊ फडक्याने पुसा, पेट्रोल किंवा स्पिरिट नको. वाळवायचा सावलीत, उन्हात रबर ताठरतं. काचेवर कागद घासू नका, ओरखडे पडतात.

मग बाहेरच्या झडपेचं झाकण काढा. चकती बोटाने हलके उचला, खालची बैठक ओल्या फडक्याच्या टोकाने गोल पुसा, चकतीची कड पुसा, उजेडाकडे धरून बघा. स्वच्छ दिसली की झाकण लावा, पट्टे पूर्ण सैल करा आणि काचा वर राहतील असा मास्क पिशवीत ठेवा.